माशीच्या वाट्याचं काम

मधमाशीकडून माणसाने काय शिकावं, या विषयावर मी सातवीत निबंध लिहिला होता. माशी कष्टाळू असते, शिस्तीने वागते, एकजुटीने राहते, वगैरे. गुरुजींनी खाली 'छान' असा शेरा दिला होता. आज तो निबंध हाती लागला तर मी फाडून टाकीन. तो लिहिताना मी एकही माशी नीट पाहिलेली नव्हती. आणि पुढे पाहायची वेळ आली तेव्हा मी त्यांना मारून बसले.

मी नर्स आहे. चिखलीतल्या एका खासगी दवाखान्यात तेवीस वर्षं काढली. 'पडून राहा', 'उठू नका', 'मी सांगते तेवढं करा' ही माझी रोजची भाषा. दवाखान्यात चढवलेला आवाज मी घरी आल्यावरही उतरवत नाही, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. ते खोटं नाही. लोकांचं भलं करायचं म्हटलं की मला त्यांना विचारायची गरज वाटत नाही.

माय बीबी गावाच्या पलीकडे आमच्या खेड्यात राहायची, माझ्या धाकट्या भावाकडे. वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते. भावाने वावर सांभाळलं आणि माय शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जाऊ लागली. तिकडे हिरव्या जाळीचे मांडव गावोगाव दिसतात, त्यांनाच सगळे 'नेट' म्हणतात. आत मिरचीचं, टमाट्याचं बी तयार होतं. एका जातीच्या झाडाला दुसऱ्या जातीचा पराग दिला की संकरित बी मिळतं. एरवी हे काम माशी करते. पण माशी कुठला पराग कुठे नेईल याचा भरवसा नसतो, म्हणून तिला जाळीच्या बाहेर ठेवायचं आणि तिच्या वाट्याचं काम बायकांनी हाताने करायचं.

त्याची रीत अशी. दुपारनंतर, उद्या उमलेल अशी कळी हेरायची. चिमट्याने ती अलगद उघडायची, आतले नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकायचे, देठाला लाल लोकरीचा तुकडा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळीला पावडर लावायची. पावडर म्हणजे दुसऱ्या जातीच्या फुलांचा वाळवलेला पराग. बोटात एक अंगठी असते, तिला खळगा असतो, त्या खळग्यात ही पावडर घ्यायची आणि कळीच्या आतलं टोक त्यात बुडवायचं. झालं. सांगायला एवढंच आहे. अशा दिवसाला शेकडो कळ्या, मान खाली घालून, जाळीतल्या उकाड्यात. मायला चिमटा लागत नसे. तिने उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं होतं आणि त्या नखानेच ती कळी उघडायची. शेजारणीची एक कळी होईस्तोवर तिच्या तीन झालेल्या असायच्या.

या कामात सकाळ चुकवायची नाही. आदल्या दिवशी नर काढलेल्या कळीला दुसऱ्या सकाळी पावडर मिळाली नाही तर ती वाळते आणि गळते. तिचे नर आपण काढून घेतलेले, माशी आपणच बाहेर अडवलेली. मग ती दुसऱ्या कोणाची वाट पाहणार? म्हणून क्रॉसिंगच्या हंगामात आमच्याकडच्या बायका सकाळी कुठेच जात नाहीत. लग्नाला नाही, बारशाला नाही, मयतीलाही नाही. लोकांना हे माहीत असतं, कोणी फारसं मनावर घेत नाही.

मी घेतलं होतं. नांदुऱ्याला माझी मावशी वारली, मायची पाठची सख्खी बहीण. भावाला सकाळी सहाला फोन आला. मी चिखलीहून तशीच निघाले. माय मात्र आधी नेटमध्ये गेली, आदल्या दिवशीच्या सगळ्या कळ्यांना पावडर लावली, आणि मग बस धरली. ती पोचली तेव्हा माणसं स्मशानातून परत येत होती. मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलले ते असं, की "माय, तुले बहिणीपेक्षा मिरची मोठी झाली का व?" ती मावशीच्या रिकाम्या खाटेवर बराच वेळ हात फिरवत बसली होती, हे मी पाहिलं होतं. तरी मी ते बोलले.

नेटमध्ये कधी तरी फटीतून एखादी माशी शिरायची. तसं झालं की सगळ्या ओळीचं बी बिघडायची भीती. बायका रुमाल, चपला घेऊन तिच्या मागे धावायच्या. माय त्यांना थांबवायची, माशी फुलावर बसेपर्यंत वाट पाहायची, वरून पदर टाकायची आणि तशीच मूठ धरून बाहेर नेऊन सोडायची. "तिचंच काम आपण बळकावलं," म्हणायची, "वरून तिले मारायचं कायले?"

मायची अडुसष्टी उलटली तेव्हा तिला चक्कर येऊ लागली. बीपी वाढलेलं, गुडघे गेलेले, पायावर सूज. एकदा नेटमध्येच ती खाली बसली ती दोघींनी धरून उठवावी लागली. मी रजा टाकून गावी गेले, तिचे कपडे पिशवीत भरले आणि तिला चिखलीला घेऊन आले. "आता बस झालं. आता आराम." भावालाही मी झापलं, म्हातारीला कामाला पाठवतोस म्हणून. तो बिचारा म्हणाला, "ताई, मी कायले पाठवतो? ते आयकते का कोणाचं?" मी म्हटलं, माझं ऐकेल.

तिने ऐकलं. हेच आज सगळ्यात जास्त खुपतं.

आमच्या घरात तिला काही कमी नव्हतं. वेगळी खोली, पलंग, समोर टीव्ही, वारांप्रमाणे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा. डासांसाठी मी सगळ्या खिडक्यांना बारीक जाळ्या बसवून घेतल्या होत्या. माय पहिल्या दिवशी त्या जाळीवरून बोट फिरवून म्हणाली, "हे बी नेटच व." मी हसले. ती साडेपाचला उठून, अंघोळ करून, निऱ्या खोचून, दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसायची. आठ वाजायचे, दहा वाजायचे. मी कामावर जाताना म्हणायचे, "माय, पड जरा." ती पडायची. मी गेल्यावर पुन्हा उठून बसायची.

मी निवडून ठेवलेले तांदूळ ती परत निवडायची. कोथिंबिरीची जुडी सोडून एकेक काडी वेगळी करायची, पुन्हा बांधायची. एक दिवस मी लवकर घरी आले तर माय घरात नाही. शोधते तर शेजारच्या ओट्यावर बसून त्यांच्या तुरीच्या शेंगा सोलत होती. शेजारीण हसत म्हणाली, "तुमच्या आईंनी मागून घेतल्या हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आणून मी तिला नको ते बोलले. नर्सबाईची माय लोकांच्या घरी शेंगा सोलते, लोक काय म्हणतील, असलं. ती हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

"हाताले काही नसलं ना बाई," ती म्हणाली, "तं हात लय मोठे वाटते मले. कुठं ठेवू ते समजत नाही."

मी तिला हात दुखण्याचं मलम आणून दिलं. खरंच दिलं. तेवीस वर्षांच्या अनुभवातून मला एवढंच सुचलं.

त्या हिवाळ्यात भावाने दीड एकरात बियाण्याचा कांदा लावला होता. कांद्याला गुडघ्याच्या वर उंच दांडे येतात, दांड्यावर पांढऱ्या फुलांचे गोंडे, आणि त्या गोंड्यांत बी भरतं. ते भरायला मात्र माशी लागतेच. पूर्वी गोंड्यांवर माशांचा नुसता गलका असायचा म्हणे. आता औषधांच्या फवारण्यांनी माशी एवढी कमी झाली, की गावातले लोक गोंड्यांवर गुळाचं पाणी शिंपडून तिला बोलावतात. तेवढ्यानेही भागत नाही तेव्हा भाड्याने मधमाशांच्या पेट्या आणतात. भावाने आठ पेट्या आणल्या आणि मायला फोनवर सांगितलं. त्या दिवशी माय जेवताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक महिना जाऊ दे मले. काही करत नाही. नुसती बसतो पेट्यांपाशी."

मी जाऊ दिलं. अटी घातल्या. वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही, गोळी चुकवायची नाही. दर रविवारी मी बसने जायचे, तिचं बीपी बघायला.

पहिल्याच रविवारी मला धक्का बसला. ती वावराच्या बांधावर, निंबाखाली, पेट्यांच्या ओळीशेजारी पोतं टाकून बसली होती आणि गाणं म्हणत होती. जात्यावरचं काहीतरी, अर्धवट आठवणारं. मी आल्याचं तिला कळलं नाही. चिखलीच्या सहा महिन्यांत तिचा एवढा मोकळा आवाज मी ऐकला नव्हता. ती पेटीला कान लावायची आणि आतल्या आवाजावरून मला सांगायची, ही राजीखुशीत आहे, हिच्यात काहीतरी बिनसलंय. पाण्यासाठी तिने मातीचं ताट भरून ठेवलं होतं, माशा बुडू नयेत म्हणून त्यात खडे टाकले होते. मुंग्या चढू नयेत म्हणून पेट्यांखालच्या स्टँडच्या पायांना राख. कोणी सांगितलं नव्हतं.

पेट्यांचा मालक त्या दिवशी पाहणीला आला होता. खानदेशातला माणूस, वर्षभर पेट्या घेऊन फिरणारा, आणि आमच्याकडे बरीच वर्षं येऊन इथलंच बोलणं बोलायला लागलेला. त्याने एक फळी वर काढून मायला दाखवली. फळीवर माशाच माशा. माय म्हणाली, "यायले काम कोण वाटून देते?"

"कोणी नाही देत, माय. माशी जल्मली का आंधी ज्या भोकातून निघाली ते साफ करते. मंग लेकरायले चारते. मंग मेण काढून घर बांधते. मंग दारावर राखण. आन् सगळ्यात शेवटी बाहेर, फुलावर."

"म्हंजे म्हातारी झाल्यावर बाहेर जाते?"

"हाव. ह्या फुलावर दिसून राह्यल्या ना तुमाले, ह्या समद्या म्हाताऱ्याच आहेत. पंख झिजतात, फाटतात, तरी जातात. एक दिवस वापस येत नाहीत."

माय माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत खोडसाळपणा होता, लहान मुलीसारखा. "आयकलं का व, नर्सबाई?"

मी म्हटलं, "आयकलं. गोळी घेतली का ते सांग."

तो माणूस हसला. मीही हसले. तेव्हा मला ते बोलणं गमतीचंच वाटलं. माझ्या निबंधात माशी कष्टाळू होती, पण ती कशासाठी उठते हे त्यात नव्हतं. आता मला वाटतं, माशीचं काय किंवा मायचं काय, कष्टाची हौस कोणालाच नसते. सकाळी कुठेतरी एखादी कळी आपली वाट पाहत असावी लागते, बाकी माणसाला फार काही लागत नाही. पण हे मला त्या रविवारी कळलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला भाऊ बायकामुलांना घेऊन उंद्रीला मेव्हण्याच्या लग्नाला गेला. मायला एकटं नको म्हणून मी तीन दिवसांची रजा घेऊन गावी आले. दुसऱ्या संध्याकाळी शेजारचा वावरवाला बांधावरून सांगायला आला, "उद्या सकाळी फवारतो, माशा कोंडून घ्या." आमच्याकडे ही रीतच पडली आहे. फवारणाऱ्याने आदल्या दिवशी सांगायचं, आणि पेटीवाल्याने दिवस मावळल्यावर, सगळ्या माशा आत आल्या की, पेट्यांची तोंडं ओल्या गोणपाटाच्या पट्टीने बंद करायची. विष खाली बसलं की उघडायची.

मायला त्या दिवशी थोडा ताप होता आणि बीपी चढलेलं होतं. ती उठली तशी मी तिला बसवलं. "मी करतो. तू पड." मी वावरात जाऊन आठही तोंडं नीट बंद केली. आणि मग माझं भलेपण तिथे थांबलं नाही. वाऱ्याने विष उडून पेट्यांवर बसेल म्हणून मी घरातली मोठी निळी ताडपत्री नेऊन सगळ्या पेट्यांवर घातली, चारही बाजूंनी खाली दगड ठेवले. पेशंटला पांघरूण घालावं तशी. मागे वळून पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं.

सकाळी त्या शेजाऱ्याचा पंप बिघडला. त्याने फवारायला सुरुवात केली तेव्हा अकरा वाजून गेले होते. माय खाटेवरून विचारत होती, "कवा उघडतं व?"

"थांब जरा. आत्ता कुठं फवारून राह्यले."

एक वाजता पुन्हा. "बाई, कवा उघडतं? आत गरम होत असन त्यायले."

मी म्हटलं, ताडपत्री आहे, सावलीत आहेत, निंब आहे. ताडपत्री म्हटल्याबरोबर ती उठून बसली. "ताडपत्री? अवं, श्वास कुठून घेतीन त्या?" आणि ती पायात चपला घालायला लागली. बाहेर ऊन रणरणत होतं, औषधाचा वास घरापर्यंत येत होता, आणि तिचं बीपी मी तासापूर्वीच मोजलं होतं. मी तिला धरून आत आणलं. मी जाऊन बघते म्हणाले. आणि जाताना, ती मागून येऊ नये म्हणून, दाराला बाहेरून कडी घातली.

मी बांधापर्यंत गेले. औषधाचा वास नाकात भरला. पेट्यांकडून काही आवाज येत नव्हता. मला वाटलं, शांत आहेत. मी स्वतःशीच ठरवलं की आज नकोच उघडायला, उद्या सकाळी, म्हणजे धोकाच नको. मी परत आले. माय दाराच्या आतल्या बाजूला उभी होती. मी कडी काढली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाटेवर जाऊन पडली. संध्याकाळी तिने अजून एकदा विचारलं. मी म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला होता, म्हणून मी तिला सोबत नेलं. ताडपत्री ओढली आणि आंबूस गोड वास आला. पट्टी काढली. पहिल्या पेटीच्या तोंडातून काही बाहेर आलं नाही. झाकण उचललं तर मेणाची पोळी वितळून एकमेकांवर घसरली होती आणि तळाशी माशांचा ओला, काळा थर. दाराच्या फटीशी तर एवढ्या दाटून मेल्या होत्या की हाताने खरवडाव्या लागल्या. पाच पेट्या पूर्ण मेल्या. तीन पेट्यांत जीव होता. शेजाऱ्याच्या विषाचा एक थेंबही त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

मी तिथेच मातीत बसून रडले. मला वाटलं माय आता बोलेल, बोलावं असंही वाटत होतं. ती खाली बसली, मेलेल्यांतून एक माशी उचलून तळहातावर घेतली आणि तिचे पंख बघितले.

"नवीनच होती व," ती म्हणाली. "बाहेर गेलीच नव्हती अजून."

पेटीवाल्याला आणि भावाला फोन करून मी सगळं सांगितलं. दोघांनीही मला शिव्या दिल्या नाहीत. पेटीवाला एवढंच म्हणाला, "बाई, त्यायले विष चाललं असतं का नसतं, मले माहीत नाही. पण कोंडलेलं नाही चालत." कांद्याचे गोंडे ऐन भरात होते. तीन पेट्यांनी दीड एकर होणार नव्हतं.

तेव्हा मायने पदर खोचला. ती गोंड्यांच्या ओळीत शिरली आणि दोन्ही तळहात गोंड्यांवरून हलके फिरवत चालू लागली, या गोंड्यावरून त्या गोंड्यावर, पराग इकडचा तिकडे. मी तिला अडवलं नाही. कोणत्या तोंडाने बोलणार होते? दुसऱ्या दिवशी भाऊ आला, भावजय आली, आम्ही सगळे तिच्या मागे लागलो. ती सांगायची तसे हात फिरवायचो. "दाबू नका. नुसतं लागलं पाहिजे." मी रजा वाढवली. अकरा दिवस रोज सकाळी ती पुढे आणि आम्ही मागे. तिचे तळहात पिवळसर झाले होते, चेहऱ्यावर ऊन होतं, आणि ती भावजयीची थट्टा करत होती. त्या अकरा दिवसांत मी तिचं बीपी एकदाही मोजलं नाही. माझ्या मायबद्दल बोलताना मला हे अकरा दिवस आधी आठवतात.

बाराव्या दिवशी ती ओळीच्या मध्ये खाली बसली. फार काही नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली होती. पाणी प्यायली, पाच मिनिटांत उठली, म्हणाली, चला. पण तोवर माझ्यातली नर्स जागी झाली होती. त्या पाच पेट्या बघूनही, ताडपत्रीखालचा तो वास नाकात असूनही, मी दुपारच्या आत तिची पिशवी भरली. भाऊ म्हणाला, "ताई, राहू दे तिले. इथं खुश आहे." मी म्हटलं, खुशीने बीपी उतरत नाही.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. बीबी मागे गेल्यावर तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "कवा उघडतं?"

मला ऐकू आलं होतं. मी बॅगेत तिकीट शोधत असल्यासारखं केलं.

चिखलीत ती आणखी अडीच महिने होती. एकदाही तक्रार केली नाही. खाणं कमी होत गेलं, मग बोलणं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता घरीच ठेवा, जपा. म्हणजे मी जे करत होते तेच. भाऊ भेटायला आला तेव्हा कांद्याच्या बियाण्याचं सांगत होता, गोंडे बऱ्यापैकी भरले म्हणून. ते ऐकताना तिचे डोळे चमकले. त्याने जाताना गावाकडून आणलेली मिरचीची कुंडी तिच्या खोलीत ठेवली. "माये, हिले फूल येऊन राह्यलं, पाहाजो."

शेवटच्या आठवड्यात तिचे हात चादरीवर हलायला लागले. शेवटाला आलेले पेशंट असे चादर चिमटतात. मी ते शेकडो वेळा पाहिलेलं आहे आणि नातेवाइकांना समजावून सांगितलेलं आहे. म्हणून आधी मी नुसतीच पाहत होते. मग लक्षात आलं की अंगठ्याचं नख चादरीची एक सुरकुती उघडतंय, दोन बोटं आतून काहीतरी काढून बाजूला टाकताहेत, मग बोटांची गाठ मारल्यासारखी हालचाल. पुन्हा पुढची सुरकुती. ती क्रॉसिंग करत होती.

मी कुंडी उचलून पलंगावर तिच्या कुशीत ठेवली. दिवस कलायला आला होता. तिने डोळे उघडले, पानांमधून हात फिरवला आणि बरोबर ती कळी हेरली, उद्या उमलणारी. नखाने उघडली. एकेक नर काढला, चादरीवर ठेवला. मग बोटं काहीतरी शोधायला लागली. मी पलीकडची लाल शाल ओढून तिच्या हातात दिली. तिने काठाची लोकर ओढून काढली आणि देठाला बांधली. एवढं व्हायला अर्धा तास लागला असेल. मग ती दमून मागे टेकली.

"सकाळी लवकर उठव व मले," ती म्हणाली. "पावडर लावा लागते."

मी म्हटलं, "हो माय. उठवतो."

उजाडायच्या आत ती गेली. मग फोन, माणसं, गावाकडून आलेली गाडी, बायकांचं रडणं. कोणीतरी कुंडी उचलून खोलीच्या कोपऱ्यात सारली. त्याच झाडाला शेजारी एक उमललेलं फूल होतं. बोटाने त्याचा पराग टिपून त्या कळीला लावायला मला एक मिनिटही लागलं नसतं. मयतीच्या दिवशी कोणाला असलं आठवतं? मायला आठवलं असतं. तिने बहिणीच्या मयतीलासुद्धा आधी पावडर लावली होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो आणि मी खोली झाडायला गेले, तेव्हा कुंडी दिसली. खिडक्या बंद होत्या, उघड्या असत्या तरी जाळ्या होत्या, बाहेरून कोणी आत येणं शक्यच नव्हतं. कळी गळून मातीवर पडली होती. देठाला लाल लोकर तशीच बांधलेली होती.